तुरुंगातल्या लेकरांसाठी काही करायचं असेल तर

मी महिला कारागृहातल्या बालवाडीत शिकवते. "त्या मुलांसाठी काहीतरी करावंसं वाटतं, पण कसं?" असं विचारणारे नेहमी भेटतात. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

ही मुलं कैदी नाहीत. आईला अटक होते, घरी सांभाळणारं कुणी नसतं, म्हणून सहा वर्षांपर्यंतचं मूल तिच्यासोबत आत राहू शकतं. आर. डी. उपाध्याय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली बजावलं, की अशा मुलांना वयाला साजेसा आहार, लसीकरण, पाळणाघर, बालवाडी मिळालीच पाहिजे. तेव्हा आपण उपकार करायला चाललोय ही भावना गेटबाहेरच ठेवा.

परस्पर जाऊ नका. आत आधीपासून काम करणाऱ्या संस्थेला जोडून घ्या किंवा अधीक्षकांना लेखी अर्ज द्या. फोन आत नेता येत नाही, झडती होते, वस्तू तपासल्या जातात. वाढदिवसाचा केक आणि फोटो एवढ्यासाठीच येणार असाल तर कृपया येऊ नका. आठवड्यातून एक तास, पण ठरल्या वारी आणि ठरल्या वेळी या. ताई येणार म्हटलं की ही पोरं सकाळपासून वाट बघतात.

न्यायचंच असेल तर बाहेरचं रोजचं जग न्या. आमच्याकडच्या एका चार वर्षांच्या मुलीने भाजी फक्त ताटातली पाहिली होती. परवानगी काढून मेथीची जुडी नेली, तर ती मुळांना चिकटलेली माती बोटाने खरवडत बसली, पानांकडे बघेचना. दुसरा एक मुलगा नुसत्या लोटलेल्या दारापुढेही नुसता उभा राहायचा, कारण दार कायम दुसऱ्या कुणीतरी उघडलेलं. त्याला दार उघडायला लावणं, हा आमचा कितीतरी दिवसांचा धडा होता. मुलं बाहुलीची झडती घेतात, "तुझी तारीख कधी?" असं एकमेकांना विचारतात. रागावू नका. त्याच खेळात बस आणा, बाजार आणा, कुत्रं आणा.

आईचा गुन्हा विचारू नका, मुलांदेखत तर मुळीच नाही. बहुतेक बाया कच्च्या कैदी असतात, निकाल लागायचा असतो. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो फुकट मिळतो, हे मात्र तिला जरूर सांगा. मूल कोठडीच्या काळात जन्मलेलं असेल तर जन्मदाखला बघा. जन्मस्थळ म्हणून तुरुंगाची नोंद करायची नाही, हेही त्याच निकालात आहे.

सगळ्यात अवघड असतो सहावा वाढदिवस. त्यानंतर मुलाला बाहेर जावं लागतं, आणि तयारी आदल्या रात्री होत नसते. किमान वर्षभर आधी आईशी बोला: आजी सांभाळेल का, मावशी? कुणीच नसेल तर बालकल्याण समितीमार्फत बालगृह शोधावं लागतं. भावंडं एकत्र राहतील असा आग्रह धरा. मुलाला ती जागा, तिथल्या ताई आधी दाखवता आल्या तर फार बरं. आणि मूल गेल्यावर आईची भेट तुटू देऊ नका. आठवड्याला एकदा तरी भेट व्हावी, असं न्यायालयाचंच म्हणणं आहे. ने-आण करायला माणूस नाही म्हणून या भेटी राहून जातात. संस्थेला विचारा, हे काम तुम्ही घेऊ शकता का. मुलाच्या शाळेचा वार बुडणार नाही असं बघा, ओळखपत्रं आदल्या दिवशी पिशवीत घाला आणि भेटीला लवकर पोचा.