जुनी फियाट ‘नवी’ करायला काढताय? या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईत जुनी गाडी घेण्याची हौस वाढलीय. चांगलंच आहे. आजोबांची फियाट भंगारात जाण्यापेक्षा सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहिलेली बरी. पण गाडी घरी आली रे आली की मला फोन येतो, “पूर्ण खोलून करायचीय, अंदाज सांगा.” गाडीत नेमकं बिघडलंय काय, असं विचारलं की पलीकडे शांतता. रंग उडालाय, एवढंच सांगता येतं.

मी उलटा प्रश्न विचारतो: गाडी कशासाठी हवीय? रविवारी सकाळी उपवन तलावापर्यंत चक्कर, वर्षातून एखादी रॅली, की सगळ्यांना घेऊन लोणावळा? याचं उत्तर मिळेपर्यंत पाना हातात घेऊ नका.

मूळ रंगावर ग्राइंडर

या चुकीवर मी तासभर बोलू शकतो, कारण ती परत दुरुस्त करता येत नाही. फियाट बनवणाऱ्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून लागून आलेला रंग साठ वर्षांनंतर अजून अंगावर असलेली गाडी आता शोधून सापडत नाही. बॉनेटवर विरळ झालेला असेल, कडांना प्रायमर डोकावत असेल, असू द्या. परदेशातल्या मोठ्या प्रदर्शनांत अशा न रंगवलेल्या, जपलेल्या गाड्यांचा वेगळा गट असतो. आपल्याकडे मात्र चकाकली नाही तर ती ‘रिस्टोअर’ झालीच नाही असं लोकांना वाटतं.

घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका गृहस्थांकडे वडिलांनी घेतलेली १९६६ची फियाट डिलाईट होती. फिकट निळा रंग, सीटचं मूळ रेक्झिन, मागच्या काचेवर विक्रेत्याचा अर्धवट उरलेला स्टिकर. डिसेंबरात मुलाचं लग्न, नवरदेव त्याच गाडीतून उतरणार. मी म्हटलं, काका, आधी स्वच्छ धुवा, नंबर प्लेटच्या मागे हातभर जागेत रबिंग कंपाउंड मारून बघा, रंग उजळतो का ते कळेल. चिरंजीवांनी व्हिडिओ पाहिले होते. जुलैमध्ये गाडी गॅरेजला गेली. जुलैमध्ये! भर पावसात पत्रा उघडा केला आणि तसाच ठेवला. त्यावर तांबूस थर आला, तो नीट न काढता वर पुट्टी थापली. पुट्टी ओल पिते, हे त्या पेंटरला माहीत नसेल असं मला वाटत नाही. तारीख गाठायची होती, एवढंच.

लग्नातले फोटो झकास आले. पुढच्या पावसाळ्यात दारांच्या तळाशी आणि मडगार्डच्या कडेला फोड आले. खरा दणका त्यानंतर बसला. नोंदणीच्या नूतनीकरणाला पत्र्यावर कोरलेल्या चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट हवी होती. कागद ठेवून पेन्सिल घासली तर काहीच उमटेना. वरचा रंग खरवडला तेव्हा कळलं की ग्राइंडरने दोन आकडे जवळजवळ पुसून टाकलेत आणि बाकीच्यांत पुट्टी बसलीय. मग प्रतिज्ञापत्रं, जुनी कागदपत्रं, पुन्हा पुन्हा तपासणी. ते काका अजून त्या विषयावर बोलत नाहीत.

माझी सवय: गाडी आली की पहिलं काम चेसिस आणि इंजिन नंबरची पेन्सिल प्रिंट. ती आरसी बुकाशी ताडून बघायची, नंबरांचे फोटो काढायचे, त्यावर ग्रीस लावून टेप मारायची. गॅरेजवाल्याला त्या टेपला हात लावायचा नाही असं तोंडावर सांगायचं. रंगाचं काम दिवाळीनंतर. घाई असेल त्याने भाड्याने गाडी घ्यावी.

‘फ्रेम-ऑफ’ करायचंय

म्हणजे बॉडी फ्रेमवरून उचलून वेगळी करायची. परदेशी व्हिडिओंतून आलेलं हे खूळ. अहो, फियाटला वेगळी फ्रेमच नाही, काढणार काय? ॲम्बेसेडरलाही नाही. दोन्ही मोनोकॉक, बॉडी हाच सांगाडा. जीप किंवा स्वातंत्र्यापूर्वीच्या गाड्यांना खाली वेगळी चेसिस असते, तिथे बॉडी उचलण्याला अर्थ आहे.

म्हणूनच फियाटमध्ये गंज दिसतो किती यापेक्षा तो कुठे आहे ते महत्त्वाचं. दाराखालची सिल, फ्लोअर, सस्पेन्शन जिथे बसतं तो पत्रा, ही गाडीची हाडं. ऐरोली-वाशीच्या खाडीकाठी वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी वरून ठीक आणि खालून चाळण निघू शकते. मी फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक सिलवरून फिरवतो. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मग जॅकवर एक बाजू उचलून दारं उघडून-लावून बघतो. दार अडकलं तर सांगाडा वाकतोय. अशा गाडीची सिल कापायची तर आतून आधार वेल्ड करून आणि दारं जागेवर ठेवूनच. नाहीतर नंतर दारांच्या फटी आयुष्यभर जुळत नाहीत.

हाडं धड असतील तर गाडी पूर्ण खोलू नका. मी एका वेळी एकच भाग खोलतो, त्याचे स्क्रू लेबल लावलेल्या पिशवीत ठेवतो आणि तो जोडल्याशिवाय पुढच्याला हात लावत नाही. वागळे इस्टेटच्या शेडमध्ये पोत्यांत भरून पडलेल्या ‘प्रोजेक्ट’ गाड्या मी पाहिल्यात. त्यांच्या मालकांचा उत्साह इंजिन खाली उतरेपर्यंतच टिकला होता.

मारुतीचं इंजिन टाकू का?

टाका, पण मग व्हिंटेज नोंदणी विसरा. केंद्राचा जुलै २०२१चा नियम सांगतो की पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ स्वरूपात असलेली गाडीच व्हिंटेज. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. नव्या नोंदणीला ‘व्हीए’ मालिका आणि दहा वर्षांची मुदत मिळते. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. व्हिंटेज म्हणून नोंदवलेली गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही, हेही आधीच वाचा. बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसवायचा असेल तर ब्रॅकेट न कापता बसवा आणि डायनॅमो घरी जपून ठेवा.

बाकीच्या, पटापट

ब्रेक शेवटी करणं. डिलाईटला चारही चाकांना ड्रम आणि हायड्रॉलिक सर्किट एकच. पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, रबरी पाइप सगळं नवं. इथे ‘मूळ’ वगैरे कौतुक नको.

जुनेच पेट्रोल पाइप ठेवणं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, त्याने जुनं रबर फुगतं आणि तडकतं. कुजलेलं वायरिंगही याच रांगेत. आग लागू शकते तिथे मी पैसे वाचवत नाही.

खूप वर्षं बंद गाडीला थेट स्टार्टर मारणं. प्लग काढा, सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, एक रात्र जाऊ द्या, इंजिन हाताने फिरवून बघा.

स्वस्त क्रोम. खाली तांबं आणि निकेल न चढवता मारलेला क्रोम आपल्या हवेत टिकत नाही. त्यापेक्षा ठिपके पडलेला मूळ बंपर पुसून ठेवा.

फाटकं सीट दिसलं की सगळंच काम नवं करून घेणं. शिलाई उसवलीय तेवढीच शिवा.

प्लास्टिकचं कव्हर. आत घाम धरतं. सुती घ्या.

काढलेले भाग भंगारवाल्याला देणं. वाकडी, गंजकी, तुटकी पट्टीसुद्धा नमुना म्हणून लागते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तुम्ही नुसतं ‘फियाटची पट्टी’ म्हणालात तर दुकानदार चार वेगवेगळ्या पट्ट्या काढून समोर ठेवील आणि तुम्ही हमखास चुकीची घेऊन याल.