सेल्फला पेटते, पण तग धरत नाही: जुन्या पद्मिनीसाठी तयारीची यादी

सेल्फ मारला की जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार पेटते, मिनिट-दोन मिनिटं चालते आणि बंद पडते. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) स्क्रूकडे जातो. तो जाऊ देऊ नका. दोष स्पार्कचा की पेट्रोलचा, हे इंजिन बंद पडल्यापडल्याच नीट कळतं. थोडा वेळ गेला की कॉइल (स्पार्कसाठी जास्त व्होल्टची वीज बनवणारा भाग) निवते, पुन्हा सेल्फ मारला की कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल चढतं, आणि दोष तात्पुरता लपतो. म्हणून खाली जी काही जमवाजमव सांगितली आहे ती त्या एक-दोन मिनिटांसाठी आहे.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून आलेली फियाट ११०० डिलाइट असो की नंतरची पेट्रोल पद्मिनी, इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. डेल्को (प्लगांना स्पार्क वाटणारा डिस्ट्रिब्यूटर), पॉइंट (कॉइलची वीज तोडणारा-जोडणारा स्विच), कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी आवरणारा), कॉइल, एसी पंप (टाकीतून पेट्रोल ओढणारा), कार्बोरेटर, एवढाच पसारा. संगणक नाही, सेन्सर नाही. शांत डोक्याने बसलं तर घरच्या अंगणात दोष सापडू शकतो.

अंगणच हवं, बंद गॅरेज नको. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, चाकांना लाकडी ठोकळे लावून उभी करा. पेट्रोलच्या आगीवर चालणारं पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा, सोबत वाळूची बादली. पाणी ओतून पेट्रोलची आग विझत नाही, पसरते. ओढणी, पदर, सैल बाह्या फॅनपासून दूर. एक माणूस स्टिअरिंगवर आणि एक बॉनेटपाशी असलाच पाहिजे. एकट्याने हे काम करू नये.

आदल्या दिवशी बॅटरी पूर्ण चार्ज करा. स्थिर असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजेत. बॅटरीचे टोक घासून घ्या, इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थची पट्टी घट्ट आहे ना ते बघा. मग डिपस्टिक काढून ऑइलचा वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी वाढलेली असेल, तर एसी पंपाचा पडदा फाटून पेट्रोल खाली संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) उतरत असण्याची शक्यता मोठी. मग इंजिन सुरूच करू नका. आधी पंप, मग नवं ऑइल. गाडी फार दिवस उभी असेल तर सायलेन्सरच्या तोंडातही डोकवा. उंदीर आणि कुंभारीण माशी दोघांनाही ती जागा आवडते, आणि धूर बाहेर पडायला वाट नसेल तर इंजिन गुदमरून बंद पडतं.

हत्यारांत पाने, पेचकस, पक्कड, प्लग पाना आणि फिलर गेज (बारीक फटी मोजायच्या पट्ट्या) तर हवेतच. त्याखेरीज तीन वस्तू आवर्जून जमवा. १२ व्होल्टचा बल्ब आणि दोन वायर जोडून केलेला टेस्ट लॅम्प. दोन्ही टोकांना क्लिप असलेली हातभर वायर. आणि पंप व कार्बोरेटर यांच्यामध्ये बसणारा पारदर्शक फिल्टर, ज्यातून पेट्रोल येतंय की नाही हे डोळ्यांनी दिसतं. जास्तीचा एक प्लगही ठेवा, स्पार्क बघायला.

इंजिन सुरू करण्याआधी टेस्ट लॅम्पचं एक टोक कॉइलच्या इग्निशनकडून येणाऱ्या टोकाला लावा, दुसरं अर्थला, आणि बल्ब दिसेल असा ठेवा. आता इंजिन चालू द्या आणि बंद कसं पडतं ते ऐका. बटण दाबल्यासारखं झटक्यात पडलं तर संशय विजेवर. अडखळत, खोकत, हळूहळू बसलं तर पेट्रोलवर. या ऐकण्यावर माझा फार भरवसा आहे, पण बल्ब आणि फिल्टरची साक्षही घ्याच.

बल्ब इंजिनाबरोबर विझला, तर वीज कॉइलपर्यंत पोचतच नाही. हातभर वायरने बॅटरीचं पॉझिटिव्ह थेट कॉइलच्या त्याच टोकाला जोडून पाहा. इंजिन टिकलं तर दोष इग्निशन स्विचमध्ये किंवा मधल्या वायरिंगमध्ये. अशा वेळी किल्लीने इंजिन बंद होत नाही, वायर काढावी लागते, हे स्टिअरिंगवरच्या माणसाला आधीच सांगा. बल्ब पेटता राहिला आणि तरी स्पार्क नसेल, तर डेल्को उघडा. पॉइंटचं अंतर ढोबळमानाने ०.४ ते ०.५ मिलिमीटर, नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्या. पॉइंट काळे-खड्डेदार आणि त्यांवर ठळक ठिणग्या उडत असतील तर कंडेन्सर बघा. डेल्कोच्या आत फिरत्या पाटाला जोडलेली एक बारीक अर्थची वायर असते. ती आतून तुटलेली असली तरी वरून धड दिसते आणि रेस दिली की दगा देते. तिला हलकेच ओढून बघा. पावसाळ्यात डेल्कोचं झाकण ओलसर होतं. अंधार पडल्यावर चालू इंजिनात त्यावर निळे धागे सरपटताना दिसले तर झाकणाला तडा आहे.

गाडी दहा-पंधरा मिनिटं नीट चालते, गरम झाल्यावर बंद पडते आणि निवली की पुन्हा सुरू होते, अशी तक्रार असेल तर कॉइल आणि कंडेन्सर दोन्ही जोखा. त्यात गोंधळ एवढाच की उन्हाळ्यात पेट्रोलच्या नळीत वाफ धरली तरी लक्षण हेच. बंद पडताक्षणी स्पार्क बघितला तरच दोन्हींत फरक करता येतो.

स्पार्क शाबूत असेल तर पेट्रोलचा माग काढा, आणि तोही टाकीपासून. बंद पडल्यावर टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा सुस्कारा आला तर झाकणाचं श्वासछिद्र बुजलं आहे. मग कार्बोरेटरकडची नळी काढून पेट्रोलला चालेल अशा प्लास्टिकच्या बाटलीत सोडा. कॉइलची मधली जाड वायर काढून अर्थला टेकवा, म्हणजे ठिणगी उडणार नाही, आणि सेल्फ मारा. पेट्रोल जोरात, ठेक्यात आलं पाहिजे. थेंब थेंब आलं तर पंप, टाकीतली जाळी किंवा पंपाआधीच्या नळीतली हवा. इंजिन आधीच्या वाटीभर पेट्रोलवर सुरू होतं आणि ते संपलं की बंद पडतं, म्हणूनच ही तक्रार इतकी फसवी आहे.

चोक ओढलेला असेतो चालते आणि चोक आत ढकलला की बसते, तर स्लो जेट (कमी वेगात पेट्रोल सोडणारं कार्बोरेटरमधलं बारीक भोक) बुजलाय किंवा कार्बोरेटरखालच्या पॅकिंगमधून हवा शिरतेय. थंड इंजिन सुरू करून पॅकिंगच्या कडेने पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर गळती तिथेच. यासाठी पेट्रोल किंवा क्लीनरचा फवारा वापरू नका. जेट हवेच्या दाबाने साफ करावा, तारेने कोरू नये, भोक मोठं होतं.

पेट्रोलबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण या गाड्या बनल्या तेव्हा हे पेट्रोल नव्हतं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं मिश्रण मिळतं. ते ओलावा धरतं, जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचे पडदे फुगवतं, टाकीत वर्षानुवर्षं बसलेला चिकट थर सोडवून फिल्टरमध्ये आणून घालतं. त्यातल्या ऑक्सिजनमुळे जुन्या जेटवर मिश्रण लीनही (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं. म्हणून इथेनॉल चालणारी नळी, पंपाचं किट आणि दोन-तीन फिल्टर आधीच आणून ठेवा. महिनोन्‌महिने टाकीत पडलेलं पेट्रोल काढून ताजं भरा. पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड इथे अजून शोधाशोध करता येते. नवा कंडेन्सर आणला तरी चालता जुना फेकू नका. आजच्या नव्या कंडेन्सरचा दर्जा सारखा नसतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. इंजिन टिकल्यावर आधी जागेवर पूर्ण गरम होऊ द्या, मग जवळची फेरी मारा. गाडीची ५० वर्षं उलटली असून तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी झाली असेल, तर २०२१ च्या नियमांनुसार ती रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि देखभाल यांसाठी आणता येते. कागदपत्रं, टेस्ट लॅम्प, हातभर वायर आणि तो जुना कंडेन्सर डिकीत असू द्या.