इंग्लंडमधील शेतात नाणी शोधायला निघण्यापूर्वीची तयारी

इंग्लंडमध्ये मेटल डिटेक्टरने जुनी नाणी शोधण्याचा छंद लावून घेऊ पाहणाऱ्याने यंत्राच्या खरेदीआधी जागेचा प्रश्न सोडवावा, कारण तेथे जमिनीच्या मालकाच्या संमतीवाचून डिटेक्टर फिरवता येत नाही. ही संमती लेखी घ्यावी. शेत दुसरा कोणी खंडाने कसत असेल तर त्यालाही विचारावे आणि सापडलेल्या वस्तूंची वाटणी कशी होईल ते त्याच कागदावर नोंदवावे. शेत संरक्षित पुरातन स्थळाच्या हद्दीत येत नाही ना, हे हिस्टॉरिक इंग्लंड या वारसास्थळांची देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या यादीत आधीच तपासावे. अशा स्थळी परवान्याशिवाय डिटेक्टर वापरणे हाच 1979 च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, मग काही सापडो वा न सापडो.

यानंतर 1996 चा ट्रेझर ॲक्ट, म्हणजे सापडलेल्या खजिन्याविषयीचा कायदा, समजून घ्यावा. एकाच ठेव्यातील, 300 वर्षांहून जुनी आणि किमान 10 टक्के सोने किंवा चांदी असलेली दोन वा अधिक नाणी सापडल्यास 14 दिवसांच्या आत कोरोनरला (संशयास्पद मृत्यूंप्रमाणे खजिन्याचीही चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवावे लागते; ज्यांत सोन्याचांदीचे प्रमाण त्याहून कमी आहे, अशा नाण्यांसाठी ही संख्या किमान 10 आहे. सुटे नाणे सहसा खजिन्याच्या या व्याख्येत बसत नाही, तरीही ते पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या, लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेच्या स्थानिक अधिकाऱ्याला दाखवावे. ही नोंद ऐच्छिक असली, तरी माझ्या मते या छंदाचे खरे मोल तिच्यातच आहे, कारण नेमके ठिकाण ठाऊक नसलेले नाणे त्या परिसराच्या इतिहासाविषयी फारच थोडे सांगते. त्यासाठी जीपीएस असलेला फोन, लहान पाकिटे आणि पेन जवळ असावे. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, तेव्हा तिकडे जाण्यापूर्वी तो स्वतंत्रपणे वाचावा.

डिटेक्टर साधा चालेल. हेडफोन, पिनपॉइंटर (खड्ड्यातील वस्तूची नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर), मजबूत लहान फावडे आणि हातमोजे मात्र हवेतच. घरच्या बागेत निरनिराळ्या खोलीवर एखादे नाणे, खिळा आणि डब्याची ॲल्युमिनियमची कडी पुरून त्यांचे आवाज कानात बसवावेत. लोखंड टाळण्याची सेटिंग फार कडक ठेवू नये, कारण मध्ययुगातील चांदीची पेनी अतिशय पातळ असते आणि सुट्या पैशांसाठी तिचे अर्धे किंवा पाव तुकडेही केले जात. त्यांचा संकेत क्षीण येतो आणि सहज हातचा जातो. कॉइल, म्हणजे डिटेक्टरच्या टोकाची चकती, जमिनीलगत, समांतर आणि सावकाश फिरवावी. कापणीनंतर पेरणीपर्यंतचा काळ शेतात फिरण्यास सर्वांत सोयीचा. गवताळ जमिनीत मातीसकट गवत एका बाजूने जोडलेले ठेवून उचलावे आणि खड्डा पूर्ववत बुजवावा.

नांगरटीच्या थराखाली मात्र खणू नये. 1992 मध्ये सफोकमधील हॉक्सन येथे एरिक लॉज यांना शेतकरी मित्राची हरवलेली हातोडी शोधताना रोमन नाणी लागली. त्यांनी ताबडतोब कळवल्यामुळे पुरातत्त्वज्ञांना सुमारे 15,000 नाण्यांचा तो ठेवा मूळ मांडणीसह शास्त्रशुद्धपणे उकरता आला. नाण्यांचा पुंजका दिसताच तुम्हीही तसेच थांबावे. बॉम्बसारखी वस्तू दिसल्यास तिला हात न लावता दूर व्हावे आणि पोलिसांना बोलवावे.

मिळालेले नाणे घासू नये, ॲसिडमध्ये टाकू नये; ठिकाणाचे जीपीएस आकडे लिहिलेल्या पाकिटात ते तसेच ठेवून अधिकाऱ्याकडे न्यावे.