गाडीतून सामान गेलं तर: घरविम्याच्या क्लेमची तयारी

अमेरिकेत गाडीची काच फोडून बॅग नेली की लोक आधी गाडीच्या विमा कंपनीला फोन लावतात. ती फार तर काचेचं बघेल, तेही कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे चोरी-तोडफोडीचं कव्हर, घेतलं असेल तर. आतली बॅग घरविम्यात येते. भाड्याचं घर असेल तर रेंटर्स पॉलिसीत. म्हणजे चोरी एक, क्लेम दोन आणि डिडक्टिबलही (नुकसानातला आपण सोसायचा पहिला वाटा) दोन.

आजचं काम सिरियल नंबरचं. आधी हेच उरका. लॅपटॉपचा नंबर बहुधा पोटाखाली असतो, टॅब्लेटचा सेटिंगमध्ये. फोनवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं की आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, समोर येतो. कॅमेऱ्याच्या बॉडीचा नंबर वेगळा, लेन्सचा वेगळा, आणि लेन्सवरचा इतका बारीक की भिंगच लागतं. प्रत्येकाचा फोटो काढा आणि स्वतःला मेल करा. त्याच लॅपटॉपमध्ये ठेवलात तर चोर यादीसकट घेऊन जाईल. बिलं, खोकी, वॉरंटीचे कागद असतील तर उत्तमच, पण नंबर हवाच. चोरीच्या वस्तूंच्या राष्ट्रीय पोलीस यादीत, म्हणजे एनसीआयसीत, बिननंबरी 'काळा लॅपटॉप' घालता येत नाही.

मग पॉलिसीचं डेक्लरेशन पेज, म्हणजे कव्हर आणि रकमांचा गोषवारा असलेलं पान, काढा. कव्हरेज सी म्हणजे घरातलं सामान, आणि ते बाहेर असतानाही धरतात. काही पॉलिसींत मात्र घराबाहेरच्या सामानाला १० टक्क्यांची मर्यादा असते, ती ओळ शोधा. डिडक्टिबल १,००० डॉलर आणि गेलेला माल १,४०० चा, तर हातात ४००. तेही 'रिप्लेसमेंट कॉस्ट', म्हणजे नव्या वस्तूची किंमत देणारी पॉलिसी, असेल तर. 'अ‍ॅक्च्युअल कॅश व्हॅल्यू' असेल तर चार वर्षं वापरलेल्या लॅपटॉपची घसारा कापून किंमत लावतात आणि ती डिडक्टिबलच्या खालीच राहू शकते. रिप्लेसमेंटमध्येही बरेचदा आधी घसारा कापलेली रक्कम मिळते आणि उरलेली नवी वस्तू घेऊन बिल दिल्यावर. नेहमीच्या नमुना पॉलिसीत रोख रकमेला २०० डॉलर आणि चोरीला गेलेल्या दागिन्यांना १,५०० डॉलर एवढीच मर्यादा असते, त्यामुळे महागडा हार किंवा कॅमेरा आधीच पॉलिसीत वेगळा नोंदवून घ्या. धंद्याच्या सामानाची मर्यादा वेगळी आणि तुटपुंजी. ऑफिसचा लॅपटॉप ऑफिसला कळवा. गाडीत बसवलेला स्टिरिओ घरविम्यात येत नाही.

चोरी झालीच तर काचा झाडण्याआधी फोटो. मग पोलीस रिपोर्ट, शक्यतो त्याच दिवशी, आणि त्यात प्रत्येक वस्तू. चार्जर, चष्मा, बॅग स्वतः, सगळं. आणि नंबर! नंतर काही आठवलं तर पुरवणी जोडा, कारण अ‍ॅडजस्टर, म्हणजे क्लेम तपासणारा विमा कंपनीचा माणूस, रिपोर्ट आणि क्लेमची यादी शेजारी ठेवून ताडतो, आणि क्लेममध्ये अचानक उगवलेला आयपॅड त्याच्या नजरेतून सुटत नाही.

कंपनीने प्रूफ ऑफ लॉस, म्हणजे नुकसानीचं सहीनिशी निवेदन, मागितलं की साधारण ६० दिवस मिळतात. खऱ्या किमती लिहा, फुगवू नका. पदरात शंभर-दोनशेच पडणार असतील तर क्लेम करूच नका; तो क्लू रिपोर्टमध्ये, म्हणजे विमा कंपन्या बघतात त्या जुन्या क्लेमच्या नोंदीत, ७ वर्षांपर्यंत राहतो आणि पुढचा प्रीमियम वाढू शकतो. पासवर्ड बदला, कार्डं बंद करा. नंबर लिहिले का?