मागच्या एक्सलचा गंज: पावसाआधीची तयारी

गाडीच्या मागच्या एक्सलचा गंज काढून तो रंगवायचं काम मे महिन्यातच उरकायचं. तेव्हा पुण्याची हवा कोरडी असते, धुतलेलं लोखंड खरोखर सुकतं आणि रंग धरतो. वळीव बहुधा दुपारनंतर येतो, म्हणून सकाळी लवकर सुरुवात करा. गाडी कोकणातून आली असेल, समुद्राकाठी उभी राहिली असेल, तर मात्र मेची वाट पाहू नका. घरी पोचताच खालून गोड्या पाण्यानं धुऊन काढा. मीठ ओल धरून ठेवतं आणि गंज झपाट्यानं वाढतो.

सगळ्यात महत्त्वाचं धुणं आणि सुकवणं. बऱ्याच छोट्या गाड्यांचा मागचा एक्सल म्हणजे पोलादाचा आडवा बीम, पन्हळीसारखा एका बाजूनं उघडा. ताम्हिणीतला लाल चिखल त्यात जाऊन बसतो आणि बाहेरून गाडी कोरडी दिसली तरी आत ओला राहतो. वॉशिंग सेंटरला गाडी रॅम्पवर घेतली की समोर उभं राहून तो चिखल लाकडी पट्टीनं खरवडून घ्या. स्प्रिंग बसते ती वाटीही साफ करा. मग गाडी निदान एक दिवस उन्हात ठेवा. ओल्या लोखंडावर मारलेलं अंडरबॉडी कोटिंग पाणी आतच कोंडतं. वरून काळं कुळकुळीत आणि खाली गंज, असल्या कामाला पैसे देऊ नका.

सामान आदल्या दिवशी आणा: रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून वायर ब्रश, 80 नंबरचा पॉलिश पेपर, गॉगल, मास्क, हातमोजे, रंगाच्या दुकानातून रस्ट कन्व्हर्टर (उरलेल्या गंजावर लावायचं, तो पुढे वाढू न देणारं औषध), प्रायमर, काळा चासी पेंट, मास्किंग टेप. पोकळ भागांसाठी मेणाचा स्प्रे मिळाला तर उत्तम.

घरी करणार असाल तर जमीन सपाट आणि टणक हवी. मागची चाकं उचलली की हँडब्रेकचा उपयोग उरत नाही, कारण तो मागच्याच चाकांना लागतो. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावा, गिअर टाका आणि गाडी जॅक स्टँडवर (खाली आधाराला ठेवायच्या लोखंडी तिवईवर) टेकवा. नुसत्या जॅकच्या किंवा विटांच्या भरवशावर खाली शिरू नका.

रंगाआधी तपासणी. हलक्या हातोडीनं ठोकत जा, जाड स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघा. खणखणीत आवाज आला आणि गंज वरवरचा असला, तर पोपडे घासून काढा, कन्व्हर्टर लावून डब्यावर लिहिलेला वेळ थांबा, मग प्रायमर, मग पेंटचे दोन पातळ हात. रबरी बुश (सांध्यातली रबरं), ब्रेकचे ड्रम, सेन्सरच्या वायरी, सायलेन्सर आधी झाकून घ्या.

आवाज बद्द आला, टोक आत गेलं किंवा जोडाजवळ चीर दिसली, तर रंगाचा डबा बंद करा. हा बीम वळणावर पिळला जातो. त्यावर वेल्डिंगचं ठिगळ लावणं धोक्याचं, तो बदलायचाच. ब्रेकच्या नळीवर गंजाचे खड्डे दिसले तर ती नळीही बदला, पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत थांबू नका. सुटे भाग नाना पेठेत मिळतात. जाताना मॉडेल आणि वर्ष लिहून न्या, शक्यतो जुना भागही बरोबर ठेवा.

पाऊस संपला की, दिवाळीआधी, टॉर्च घेऊन एकदा खाली बघा. कुठे टवका उडाला असेल तर तेवढीच जागा घासून, सुकवून, रंगवून घ्या.