मॉरिशसला गेलेल्या पूर्वजाचा कागद कसा वाचावा

मॉरिशसहून मूळ गाव शोधत कोकणात येणाऱ्या मराठी कुटुंबांच्या हातात बहुधा एकच कागद असतो. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात तिथल्या उसाच्या मळ्यांवर करारी मजूर म्हणून गेले; त्या मजुरांच्या आप्रवासी नोंदवहीचा, मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधून मिळालेला उतारा. मी राजापूर तालुक्यातली निवृत्त इतिहास शिक्षिका. हे उतारे वाचायला मदत करता करता माझी एक पद्धत बसली आहे. गावाचं नाव बघण्याआधी मी विचारते: कागदावर जी तारीख आहे त्या रात्री तुमचा पणजोबा कोणाच्या छपराखाली झोपला होता, आणि ताप आला असता तर औषध कोणी द्यायचं होतं? या प्रश्नाचं उत्तर जिथे बदलतं, तिथे शोधायचं दफ्तरही बदलतं.

सुरुवात आडनावापासून करू नका. मॉरिशसमध्ये वडिलांचं किंवा आजोबांचं नुसतं नावच पुढे आडनाव झालं, आणि कारकुनाच्या कानाला ऐकू आलं तसं ते लिहिलं गेलं. तुम्हाला हवा आहे आप्रवासी क्रमांक, म्हणजे नोंदवहीत प्रत्येक मजुराला दिलेला आकडा. तो मॉरिशसमधल्या जुन्या विवाह, जन्म आणि मृत्यू नोंदींतही सापडतो. एकदा तो मिळाला की वडिलांचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, गाव, जहाज आणि पहिला मळा एवढं बरंचसं हाती लागतं.

आता येण्याचं साल बघा. १८३४ ते १८३८ मधला माणूस असेल, तर त्याला बागायतदारांनी खासगी रीतीने नेलेलं होतं. करारात राहायला जागा आणि औषधोपचार लिहिलेले असत, पण ते देतो की नाही हे बघणारं सरकारी माणूस जवळजवळ नव्हतं. तक्रारी वाढल्या, हिंदुस्थान सरकारने ही भरती थांबवली, आणि १८४२ च्या कायद्याने ती सरकारी देखरेखीखाली पुन्हा सुरू झाली. त्यात कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबई बंदरही होतं. आपली रत्नागिरी, सावंतवाडीकडची माणसं मुख्यतः त्यानंतरच्या दोन-अडीच दशकांत गेली. म्हणून तुमच्या कागदात वसाहत सरकारची जबाबदारी बहुतेक दिसेलच: मुंबईत मजुरांची रवानगी बघणारा एमिग्रेशन एजंट, पलीकडे मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईला, आलेल्या मजुरांवर देखरेख ठेवणारा अधिकारी, प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्स.

जहाज पोचल्याची तारीख आणि मळ्यावर वाटप झाल्याची तारीख यांत किती अंतर आहे ते मोजा. माझ्या मते कागदातली सगळ्यात बोलकी जागा हीच. १८४९ पासून पोर्ट लुईच्या बंदरातल्या ट्रू फॅनफारोन इथे, आज आपण ज्याला आप्रवासी घाट म्हणतो तिथे, सरकारी डेपो होता. साधारण दोन दिवस लोक तिथे राहत, नोंद होई, मग मळेवाले त्यांना घेऊन जात. अंतर एवढंच असेल तर प्रवास सुरळीत झाला असं समजा. ते आठवड्यांचं असेल, तर विलगीकरणाच्या नोंदींकडे वळा. जहाजात पटकी किंवा देवी निघाली की माणसांना बेटावर उतरवत. १८५६ च्या जानेवारीत कलकत्त्याहून आलेल्या ‘हैदरी’ आणि ‘फत्ते मुबारक’ या जहाजांवरचे लोक गॅब्रिएल बेटावर ठेवले गेले. पुरेसा निवारा नाही, औषध अपुरं, आणि जवळपास ३०० माणसं मेली. ती माणसं त्या वेळी कुठल्याच मळ्याची नव्हती. छप्पर आणि वैद्य पुरवणं हे सरकारचंच काम होतं, आणि सरकारने ते केलं नाही. हे मी शाळेत शिकवतानाही असंच सांगत असे. हिंदुस्थान सरकारने त्यावर मॉरिशसची भरती काही काळ बंद केली. तुमच्या पूर्वजाचं साल १८५६-५७ च्या आसपास असेल तर हा खंड लक्षात ठेवा.

शक्य असेल तर घाटावर स्वतः जा. डेपोचा थोडाच भाग उरला आहे, पण जबाबदारी कुठवर होती ते दगडांतच दिसतं. काळ्या दगडाच्या १६ पायऱ्या चढून तुम्ही आत येता. फाटकाशेजारी पहारेकऱ्याची खोली, पुढे रुग्णालयाची इमारत, स्वयंपाकाची जागा, शौचकूप, माणसांच्या शेडचे अवशेष. पायऱ्यांवर फोटो काढून परत फिरू नका. रुग्णालयाच्या भागात थांबा, कारण आल्याआल्या आजारी निघालेला माणूस इथे सरकारच्या खर्चाने राहत होता.

फाटकाबाहेर चित्र पालटतं. मळ्यावर झोपडी, शिधा आणि रुग्णालय ही मालकाची जबाबदारी. सरकारकडे उरते ती तपासणी. म्हणून पुढे डेपोच्या वहीत शोधत बसू नका, मळ्याचं नाव घेऊन तपासणी अहवाल आणि तक्रारींची कागदपत्रं मागा. एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांची मजुरी कापत, तेव्हा माणूस आजारी होता की ‘गैरहजर’ होता यावर घरातलं पोट अवलंबून होतं. मळ्यांवरच्या रुग्णालयांची खरी स्थिती जाणायची असेल तर फ्रिअर आणि विल्यमसन यांच्या शाही आयोगाचा अहवाल बघा. आयोग १८७२ मध्ये नेमला, अहवाल १८७५ मध्ये आला. तो वाचल्यावर नुसत्या तपासणीने काय साधलं याबद्दल माझ्या मनात शंका राहिलेली नाही. पूर्वज मळा सोडून पकडला गेला असेल, तर ग्रँड रिव्हर नॉर्थ वेस्टच्या भटक्यांसाठीच्या डेपोचे कागद. लहान मूल आईबापाविना उरलं असेल, तर पाम्प्लमूसच्या पावडर मिल्स अनाथालयाचे. या दोन्ही ठिकाणी छप्पर पुन्हा सरकारचं.

गाव शोधायला इकडे याल तेव्हा उताऱ्यावरचा ‘रत्नागिरी’ शब्द आजच्या जिल्ह्यापुरता धरू नका. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा झाला, त्यामुळे मालवणचा माणूसही त्यात असू शकतो. सावंतवाडी मात्र तेव्हा संस्थान होतं, म्हणून ती वेगळी लिहिलेली सापडते. गावाचं नाव मोठ्याने वाचा, स्थानिक माणसाला ऐकवा, आणि त्याच्या तोंडून येणारी दोन-तीन नावं लिहून घेऊन मग तालुक्याला जा.