पीसी घेऊन हैदराबादला निघण्याआधी

ड्रीमहॅक म्हणजे आपापला पीसी नेऊन तीन दिवस एकत्र गेम खेळायचा मेळा, आणि त्यासाठी गाडीने निघणाऱ्यांसाठी हे. सगळ्यात आधी ग्राफिक्स कार्ड, म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवणारा पीसीतला भाग. निघायच्या आदल्या रात्री ते टॉवरमधून, म्हणजे पीसीच्या उभ्या डब्यातून काढा, वेगळं न्या आणि पोचल्यावर परत बसवा. खाली बरंच लिहिलंय, पण वेळ नसेल तर एवढंच वाचून उठा. मागच्या वेळी आम्ही टायरची हवा तपासली, खाऊ भरला, कुणी कुठे बसायचं तेही ठरवलं, आणि कार्ड आतच राहिलं. तिकडे टेबलावर टॉवर चालू केला तर स्क्रीन काळी. उघडून बघतो तर कार्ड एका बाजूने खचलेलं आणि ते ज्यात बसतं तो स्लॉट तडकलेला. तीन दिवसांचं तिकीट काढून दुसऱ्याच्या खुर्चीमागे उभं राहायची वेळ कुणावर येऊ नये.

२०१८ च्या डिसेंबरात ड्रीमहॅक गोरेगावला नेस्को प्रदर्शन केंद्रात भरलं, तेव्हा मुंबईकरांना प्रवासाची चिंता नव्हती. २०२२ ला ते हैदराबादच्या हायटेक्स प्रदर्शन केंद्रात भरलं, आणि मुंबईहून हैदराबाद म्हणजे सातशे किलोमीटर. १९९४ साली स्वीडनमधल्या मालुंग गावी, एका शाळेच्या कॅन्टीनमध्ये, पोरं आपापले कॉम्प्युटर उचलून जमली तिथून हे सगळं सुरू झालं. त्यामुळे ‘लॅपटॉप ने की’ हा सल्ला मी कुणाला देणार नाही. स्वतः जोडलेला पीसी न्यायचा आनंद वेगळाच असतो. फक्त तो धड पोचला पाहिजे.

मोठी कार्डं आता दीड-दोन किलोची असतात. टॉवर उभा असताना कार्ड मदरबोर्डमध्ये, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य पाटीत, आडवं खोचलेलं असतं, भिंतीत एकाच बाजूने ठोकलेल्या फळीसारखं. आधार काय, तर मागचे एक-दोन स्क्रू आणि तो स्लॉट. घरात टॉवर हलत नाही म्हणून ते टिकतं. गाडीत मात्र प्रत्येक गतिरोधकावर ते वजन स्लॉटला हिसका देतं. ‘टॉवर आडवा ठेवला की झालं’ असं सांगणारे भेटतील. आडवा ठेवायचाच आहे, पण कार्ड काढून.

काढताना वीज बंद, वायर बाहेर, केसच्या धातूला एकदा हात लावायचा म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. आतला फोटो काढून ठेवा. कार्डाची पॉवरची वायर क्लिप दाबून सोडवा. मागचे स्क्रू काढून डबीत टाका. मग स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाबून कार्ड सरळ बाहेर घ्या. ती न दाबता ओढाल तर रस्त्याने करायचं नुकसान तुम्हीच घरी करून ठेवाल. कार्ड अँटिस्टॅटिक, म्हणजे स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या पिशवीत, वरून बबल रॅप, मूळ खोका असेल तर उत्तमच. पिशवी फेकून दिली असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊन आणा, साध्या प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका. हा खोका डिकीत जाणार नाही. तो माणसाजवळ, मांडीवर किंवा पायाशी. स्क्रू ड्रायव्हर त्याच सॅकमध्ये, नाहीतर तिकडे कार्ड हातात घेऊन बसाल.

टॉवर गोधडीवर आडवा, काच वरच्या बाजूला, म्हणजे मदरबोर्ड जमिनीला समांतर राहतो आणि प्रोसेसरवरचा जड कूलर उभा राहतो. मॉनिटर उभा न्या, झोपवून त्यावर बॅगा रचू नका. कीबोर्ड, माउस, हेडफोन कुणी विसरत नाही. नेट जोडायची लांब लॅन केबल विसरतात. एक्स्टेन्शन बोर्डही न्या, आणि तुमच्या पीएसयूच्या, म्हणजे टॉवरला वीज पुरवणाऱ्या भागाच्या वायरला १६ अँपिअरची जाड पिन असेल तर ती त्या बोर्डात बसते का ते घरीच बघा. गेमचे अपडेट आदल्या रात्री उतरवा. हॉलमध्ये शेकडो लोक एकाच नेटवर असताना वीस-तीस जीबी उतरवायला बसणं म्हणजे अख्खी सकाळ घालवणं. ज्यातून गेम चालवतो त्या स्टीम ॲपचा लॉगिन कोड फोनवर येतो, तेव्हा फोन चार्ज हवा.

गाडी ठरवण्याआधी डिकी उघडून बघा. मुंबईत निम्म्या मित्रांच्या गाड्या सीएनजीच्या, आणि डिकीत सिलिंडर. चार माणसं, चार टॉवर, चार मॉनिटर अशा गाडीत मावत नाहीत, आणि न मावणारं सामान मग कोंबलं जातं. तीनच जण जा, किंवा मागची रांग दुमडता येईल अशी सात सीटची गाडी बघा. फास्टॅगमध्ये पैसे टाका. वार्षिक पास काढला असला तरी तो राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर चालत नाही. पीयूसी, लायसन्स, तिकिटावरच्या नावाचं ओळखपत्र, झालं.

पहाटे चारला निघा. उजाडल्यावर खंडाळ्याच्या घाटात अडकलात तर पुढे हडपसरलाही अडकणार. एक्स्प्रेसवेवर कॅमेरे आहेत, शंभरच्या आत राहा, घाटात त्याहून बरंच कमी. भिगवणला मासे खायचे तर खा, पण गाडी सावलीत लावा आणि कार्डाची सॅक बरोबर आत न्या. सोलापूरनंतर नळदुर्ग, उमरगा, मग हुमनाबाद, जहीराबाद. गावाजवळ गतिरोधक आला की पूर्ण वेग कमी करा, मागचा कितीही हॉर्न वाजवू दे. दर दोन तासांनी चालवणारा बदला. रात्री कुणी हट्टाने चालवू नये.

पोचल्यावर थेट हॉलमध्ये जाऊ नका. आदल्या रात्री खोलीवरच कार्ड बसवा. खिट्टीचा ‘टक्’ आवाज आला पाहिजे, मग स्क्रू, मग पॉवरची वायर. मॉनिटरची केबल कार्डात, मदरबोर्डमध्ये नाही. एक गेम चालवून बघा. काही बिघडलं असेल तर दुकानं उघडल्यावर धावपळ करायला सकाळ हातात राहते. खोलीपासून हॉलपर्यंत टॉवर आडवाच, गाडी अगदी सावकाश. हे अंतरही नको वाटत असेल तर कार्ड परत काढा, दहा मिनिटांचं काम आहे.

हॉलमध्ये पाणी प्या, टेबल एकटं सोडू नका, सिरीयल नंबरचे फोटो फोनमध्ये असू द्या.

परतीला रविवारी रात्री सगळे थकलेले असतात आणि ‘आता घरीच तर जायचंय’ म्हणून कार्ड तसंच ठेवायचा मोह होतो. काढा. सोमवारची रजा आधीच टाका आणि सकाळी निघा.